गयास उस्तादनं न बघितलेला शेवट

निजामाच्या राज्यात मी, द्वारकाबाई, थेटरात जनान्याच्या, म्हणजे बायकांच्या बाजूच्या दारावर होते. माझ्या तोंडाला सगळ्याच भ्यायच्या. खेळ सुटला की पुरुष बाहेरून आपलं नाव सांगायचे, मी पडदा सारून आत ते पुकारायची आणि ज्याच्या त्याच्या घरची बाई उठून यायची. बाईचं नाव चारचौघांत घ्यायची रीत नव्हती.

गयास उस्तादचं नाव सगळ्यात आधी पुकारावं लागायचं. आधी हमाल, मग साऱ्या गुलमंडी बाजाराचा मालक झालेला माणूस. त्याला विचारल्याबिगर तिथं दुकान उघडत नव्हतं. पण बायकोवर, अजरावर, लई जीव. तिला गर्दीत थांबावं लागू नये म्हणून खेळ संपायच्या आधीच दाराशी येऊन उभा. मेल्यानं एकाही पिक्चरचा शेवट कधी बघितला नाय!

मग तो इंग्रजी पिक्चर आला. एक फाटका पोरगा शहराचा दादा होतो आणि आडवा आला म्हणून सख्ख्या मेहुण्याला माणसं लावून मारतो. भाषा कुणाला कळत होती? पण ते बघून आतल्या साऱ्या बायका अजराकडं वळल्या. तिचा भाऊ फारूख हमालांची बाजू घेऊन गयासला नडला होता, आणि खाम नदीत मेलेला सापडला होता. पाय घसरला, असं गयासनं घरी सांगितलेलं. खरं काय ते बाजाराला ठाऊक होतं, तिला एकटीला नव्हतं. अजरानं माझ्याकडं बघितलं. मला खोटं बोलता येत नाय, मी मान खाली घातली. ती अर्ध्यातच उठली आणि पैठणला आईकडं निघून गेली.

पुढं पोलिसांत नवे, कडक अमीनसाहेब आले. गयासची माणसं पांगली, गुलमंडीत त्याला कुणी बस म्हणंना. तरी रोज दुपारच्या खेळाला तो दाराशी यायचाच. पूर्वी नुसतं "पुकार" म्हणायचा, आता "पुकारा, बाई" म्हणायला लागला. मी पुकारायची. आतून कुणी उठायचं नाय. राग यायचा मला त्याचा, आणि कीवही.

तोच पिक्चर परत लागला तेव्हा अजरा आली. कोपऱ्यात बसून शेवटपर्यंत बघितला. बाहेर तो होताच. मी त्याचं नाव पुकारलं. ती हलली नाय.

"त्याला सांग," ती हळूच म्हणाली, "फारूखची बहीण आलती. पिक्चर पुरा बघितला तिनं."

मग एकट्या आलेल्या बायकांच्या घोळक्यातून ती बाहेर पडली. सगळ्याच बुरख्यांत. गयास एकेकीच्या चपला बघून ओळखू पाहत होता. अजराच्या पायांत आईच्या चपला होत्या. ती त्याच्या अगदी जवळून गेली.

ती दूर गेल्यावर मी निरोप सांगितला. तो पायरीवर बसला.

"शेवटी काय होतं, बाई?"

"एकटाच मरतो. जवळ कुणी नसतं."

त्यानं मान हलवली. मग उठून अंगरखा झटकला.

"उद्या पुकाराल ना, बाई?"

पुकारीन म्हणलं.