गोडबुवांचं बी

“एकशे बावन्न!” एका बाईच्या रक्तातली साखर मोजून गोडबुवांचा माणूस ओरडला. अर्ध्या तासाने, तिची गोड पानं चावून झाल्यावर, त्याच बाईच्या बोटाला टोचून पुन्हा ओरडला, “एकशे एकावन्न!”

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. तोंड गोड झालं आणि साखर तसूभरही वाढली नाही! लोक खुर्च्यांवर चढून बघत होते. मी मात्र दातओठ खात उभी होते, कारण शेजारी माझा धाकटा भाऊ धापा टाकत बसला होता. मांडीवर मातीची कुंडी.

बारा वर्षं तो इन्सुलिनवर आहे. चार दिवसांपूर्वी बुवांनी त्याला या गोड पानाच्या, स्टीव्हियाच्या बियांची पुडी दिली आणि बजावलं, “बी उगवेपर्यंत सुई बंद. सुईचं विष बियाला बाधतं.” आज सकाळपासून दोन उलट्या, घशाला कोरड, श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणे, “ताई, आधी बुवांना विचारू.” एवढ्या थोराड गड्याला मी एकटी काय ओढणार?

“बुवा, उगवलं नाही हो,” त्याने कुंडी पुढे केली.

“अरे, बी नाही उगवत, श्रद्धा उगवते! तुझी कच्ची. हे बघ माझं.” काचेखालच्या ट्रेमध्ये हिरवे कोंब दाटले होते. “नवी पुडी घे, आणखी खोल पूर. आणि सुईकडे बघूही नकोस.”

भावाचा चेहरा एवढासा झाला. मेला स्वतःलाच दोष देत होता! माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं मी रोपवाटिकेत काम करते, हीच रोपं करते.

मी पुडी हिसकावली आणि टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर ओतली. सगळं बी फिकट. हलकेच फुंकर मारली, भुर्रकन उडालं. उरलेलं नखाने चिरडलं, तर नुसती टरफलं.

“अहो बाई, हा अपमान आहे!”

“थांबा हो! आता तुमच्या ट्रेत पेरलेल्या बियांची डबी बघू.” त्यांच्या कोपराशी होती ती. आतलं बी काळं. फुंकर मारली तर जरासं सरकलं, बस्स. “बघा, काळं बी भरलेलं, फिकट पोकळ. काळंसुद्धा ओल्या मातीवर नुसतं टेकवायचं, झाकायचं नाही. त्याला उजेड हवा, ऊब हवी. बुवांचं बी वरच पडलंय आणि वर दिवा लावलाय. तुम्हाला दिलं पोकळ, वर सांगितलं खोल पुरा. जन्मात उगवायचं नाही, आणि तुम्ही पुड्या नेत राहणार.”

“मग साखर का नाही वाढली?” मागून एकाने दरडावलं.

“कारण त्या पानाचा गोडवा साखर नाहीच. माझ्या रोपाचं पान चावा, हेच होईल. पण साखर वाढवत नाही म्हणून ते इन्सुलिनचं काम करतं, असं कुणी सांगितलं? माझ्या भावाची मोजा. आहे हिंमत?”

बुवांचा माणूस जागचा हलेना. शेवटी ती मघाचीच बाई उठली, तिने यंत्र घेतलं आणि भावाच्या बोटाला टोचलं. सगळे माना उंचावून बघू लागले. आकडा आलाच नाही. पडद्यावर ‘हाय’ अशी अक्षरं आली, म्हणजे यंत्राला मोजता येईल त्याच्याही वर.

“ही परीक्षा आहे, बेटा,” बुवा पुटपुटले.

“परीक्षा गेली खड्ड्यात,” भाऊ म्हणाला. “ताई, गाडी बोलाव.” उठायला गेला आणि कोसळला. मघाशी दरडावणाऱ्यानेच त्याला खांद्यावर घेतलं. बुवा मागच्या दाराने कधी सटकले, कुणाला कळलंही नाही.

डॉक्टर म्हणाले, आणखी काही तास गेले असते तर हातात काही राहिलं नसतं. दुसऱ्या दिवशी भावाने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारावं? “ताई, माझी श्रद्धा खरंच कमी पडली होती का गं?”

मला रडू आवरेना. “नाही रे राजा. तुझं काही चुकलं नव्हतं. तुला फसवलं होतं.”

त्या दिवशी सभागृहात कितीतरी जण सुई सोडून बसले होते. सगळ्यांच्या सोबत बहीण नव्हती. म्हणून हात जोडून सांगते, कुणाच्याही शब्दावर औषध बंद करू नका. तुमच्या घरात कुणी केलं असेल, तर आत्ता डॉक्टरांना फोन करा. बुवा खरा की खोटा, ते भांडण मग निवांत भांडू. आधी माणूस जिवंत राहू दे.