यादीत नसलेलं कार्ड

माझं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान. यादी घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी फारसं बोलत नाही. यादीच सगळं सांगते. हौसेच्या वस्तूखाली दोन रेघा असतात, आणि बायकोपासून लपवायच्या वस्तूपुढे किंमत नसते.

त्या दिवशीची यादी पेन्सिलीनं लिहिलेली होती. आणणारा माणूस विमा कंपनीतला कारकून. लिहिणारा त्याचा थोरला भाऊ, घरांचे आराखडे काढायचा, दीड महिन्यापूर्वी अचानक गेला. सोबत त्या थोरल्याची बायको होती. दुसऱ्या कुणी जरा धरायला दिल्यासारखी पिशवी मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

"दादानंच सगळं ठरवून ठेवलं होतं, मालक," दीर म्हणाला. "आपण फक्त घ्यायचं. वहिनींना काय, पत्रं नि बिलं टाइप करायची."

मी यादी वाचली. प्रोसेसरच्या नंबराला शेवटी एक अक्षर होतं. ते अक्षर असलं की प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, कारण त्याच्या आत ग्राफिक्सची सोय नसते. पडद्यावर काही दिसायचं तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लावावं लागतं. यादीत कार्ड नव्हतं.

"हे असंच जोडलं तर पंखे फिरतील, दिवे लागतील आणि पडदा काळाच राहील," मी म्हणालो.

"म्हणजे दादा चुकला?" त्याच्या आवाजात किंचित आनंद होता. धाकटेपण काही दीड महिन्यात जात नाही.

"चुकले नाहीत," वहिनी पहिल्यांदाच बोलली. "जुन्या कॉम्प्युटरमधलं कार्ड यात घालायचं होतं. म्हणून लिहिलं नाही."

दीर पाकिटातून जुनी डिस्क काढत होता, तो अर्ध्यावरच थांबला. "जुना डबा मी देऊन टाकला ना, घर आवरताना. डिस्क तेवढी काढून घेतली. विचारलं होतं मी तुम्हाला."

"विचारलं असेल, भाऊजी. त्या आठवड्यात मी सगळ्यालाच हो म्हणत होते."

मी दुसरा प्रोसेसर दाखवला, ग्राफिक्स आतच असलेला. पत्रं, बिलं, सिनेमे, सगळं त्यावर निभतं.

"झालं तर!" दीर खुलला. "वेगळ्या कार्डाची चैन हवी कशाला?"

"शनिवारी बिल्डरला घरांची चौदा चित्रं द्यायची आहेत," ती म्हणाली, भिंतीवरचं वेळापत्रक वाचावं तशी. "नऊ झालीत."

"ती तर दादाची..."

"रेघा त्यांच्या. रंग, उजेड, खिडकीतून येणारं ऊन मी करते. अकरा वर्षं झाली." मग मला, "आतल्या ग्राफिक्सवर एका चित्राला किती वेळ?"

"अख्खा दिवस. मध्येच अडकलं नाही तर."

"आज गुरुवार," ती म्हणाली. "शनिवार चुकला तर काम दुसऱ्याकडे जाईल. मग मी खरंच पत्रं टाइप करेन. लोकांची."

 जुना डबा दिरानं मलाच विकला होता. ते तो विसरला नव्हता. विसरलेल्या माणसाची नजर सारखी मागच्या फडताळाकडे जात नाही. मी उठलो आणि डब्यातलं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. वायर लावायच्या जागी त्यावर एक लाल ठिपका होता.

तिनं ठिपक्यावर अंगठा टेकवला. "ते वायर नेहमी उलटी लावायला जायचे. म्हणून मी नेलपॉलिश लावलं होतं."

आता रडणार, या अंदाजानं दिरानं रुमाल पुढे केला. तिनं तो घेतला आणि कार्डाच्या पंख्यावरची धूळ पुसली.

मी ते घेतल्या भावात दिलं. नफा सोडताना जिवावर आलं, खोटं कशाला सांगू. मग यादीतला प्रोसेसर बसवला, जुनी डिस्क जोडली, ठिपका बघून वायर लावली. पडदा उजळला.

"आलं, वहिनी, आलं!" दीर जवळजवळ ओरडलाच.

तिनं दहावं चित्र उघडलं. एक रिकामं स्वयंपाकघर, एक खिडकी, सगळं राखाडी.

"इथे सकाळ आहे की संध्याकाळ?" दिरानं हळूच विचारलं.

"ते त्यांनी लिहून ठेवलेलं नाही." तिनं खुर्ची पुढे ओढली. "दुपार करते. सावल्या कमी पडतात. लवकर होईल."