मोनिकामावशींची बरणी

"मावशी, मनुका उकळताय व्हय?" नंदानं दारातूनच विचारलं.

मोनिकामावशींनी मान वर केली नाही. "आता उकळूनच करते," त्या म्हणाल्या आणि गॅसवरच्या पातेल्यात पळी फिरवत राहिल्या.

उद्या प्रभुभोजनाचा रविवार. मंडळीतल्या प्रत्येकाला भाकरीचा तुकडा आणि चिमुकल्या पेल्यातून घोटभर द्राक्षरस मिळायचा. वाशी गावातल्या त्या पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात हा रस करायचं काम मावशी लग्न होऊन आल्यापासून त्यांच्याकडं होतं. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, उकळायच्या, गाळायच्या, एवढंच सासूनं शिकवलेलं. दवाखान्यात आया म्हणून मावशींचा जन्म गेला, तिथं कुणी कधी शाबासकी दिली नाही. रसाचं मात्र सगळी मंडळी नाव काढायची. कौतुकानं माणूस बिघडतो म्हणतात. इथं आधी रस बिघडला. उकळला की रंग उतरतो म्हणून मावशींनी उकळणं सोडलं, आणि चव धरावी म्हणून साखर घालून बरणी चार-चार दिवस झाकून ठेवू लागल्या. म्हातारे मिटक्या मारत. मावशीही त्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसत.

पाळकसाहेब अधूनमधून अडखळणीवर बोलत. भावाला जे झेपत नाही ते त्याच्यापुढं ठेवू नका, म्हणत. मावशी जोरजोरात मान डोलावत आणि मनात स्टँडसमोरच्या बारवाल्याला दोषी धरत.

नंदाचा नवरा शमुवेल विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. कामाला वाघ, पण दारूनं पार वाया गेलेला. मंडळीनं प्रार्थना केल्या, नंदानं उपास धरले आणि त्याची सुटली. दोन वर्षं त्यानं थेंबाला हात लावला नव्हता. मग गेल्या उन्हाळ्यातला तो रविवार आला. मावशींनी बरणीचं झाकण फिरवलं तसा फुस्स आवाज झाला. वर फेस, आणि आंबूस वास. काय झालंय ते त्यांना कळलं. पण नवा रस करायला वेळ नव्हता, आणि खरं म्हणजे तो टाकायला जीव होईना. घोटभरानं काय होतंय, म्हणून त्या मागच्या खोलीत पेले भरू लागल्या.

तेवढ्यात शमुवेल दारात येऊन उभा राहिला. "मावशी, साधाच हाय नव्हं? वास येतूय म्हनून इचारलं."

मावशींना ते लागलं. "प्रभूच्या पेल्याला नाव ठिवतूस व्हय रे? साधाच हाय. बिनघोर घे."

त्यानं घेतला. त्याच संध्याकाळी तो स्टँडसमोर दिसला, आणि मग रोजच दिसू लागला. पावसाळा सरता सरता तेरखेड्याच्या रस्त्याला एका विहिरीतली मोटार काढायला तो पिऊन उतरला. मोटार वर आली, शमुवेल आला नाही.

तेव्हापासून पेले भरायला घेतले की मागच्या खोलीच्या दारातून तोच आवाज यायचा. मावशी, साधाच हाय नव्हं? मावशी दचकून बघत. दारात कुणी नसे. स्वतः पेला घेणं त्यांनी कधीच बंद केलं होतं.

आज नंदा समोर होती आणि मावशींनी पळी खाली ठेवली. "नंदे," त्या म्हणाल्या, "त्या दिशी रस आंबला व्हता. मला ठावं व्हतं. त्यानं इचारलं तरी म्या साधाच हाय म्हनले."

 नंदानं गॅस बारीक केला.

"मला ठावं हाय, मावशी. घरी आल्या आल्या त्यांनीच सांगितलं. जिभंला लागला तवाच कळलं म्हन्ले."

"मग टाकून का दिला न्हाय त्यानं?"

"समद्यांम्होरं पेला खाली ठिवला तर मावशीची मान खाली जाईल, म्हन्ले. कुनाला सांगू नगं म्हनून वचन घेतलं माज्याकडनं." नंदानं पदरानं नाक पुसलं. "म्या लई दिस तुमाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. आता गाळा ह्यो. आटतूय."

मावशींनी रस गाळला. तो फिका उतरला होता. त्या रात्रभर जाग्याच होत्या. आपण ज्याला अडखळण ठेवली, त्यानं आपल्याला ठेच लागू नये म्हणून घोट गिळला होता. बारवाल्याला त्यांनी कितीदा मनात दोषी धरलं होतं, त्याचीही त्यांना लाज वाटली.

सकाळी त्या मागच्या खोलीत पेले भरू लागल्या. सवयीनं शमुवेलच्या वाटणीचाही एक पेला मांडला गेला. बाहेर गीत सुरू झालं आणि दारातून आवाज आला. मावशी, साधाच हाय नव्हं?

मावशी या वेळी दचकल्या नाहीत, वळल्याही नाहीत.

"न्हाय रे लेका," त्या म्हणाल्या. "आंबलाय. घिऊ नगंस."

ट्रे न्यायला आलेली नंदा उंबऱ्यातच थांबली. ते उत्तर आजच्या रसाचं नव्हतं, हे तिला कळलं. ती आत आली, ट्रे उचलला आणि काहीही न विचारता बाहेर घेऊन गेली.