सहा आखूड वासे

तीन आठवड्यांपूर्वी माझ्या कारखान्याला चार भिंती होत्या. कारखाना म्हणजे परसातली लाकडी खोली. मी तिथे खुर्च्यांच्या गाद्या शिवते. जागा पुरेना म्हणून एक बाजू वाढवायचं ठरलं. सुतार बोलवू म्हटलं, तर आमचे हे म्हणाले, "सुतार कशाला? मी आहे ना रिकामा." निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं होतं. त्यांनी एक भिंत उतरवली, वरची तुळई तेवढी ठेवली आणि माझं मशीन ताडपत्रीआड गेलं. तेव्हापासून मी वाऱ्यात बसून शिवते आहे.

यांनी चौतीस वर्षं वजनमाप खात्यात काढली. दुकानदारांची मापं तपासायची आणि खोटी निघाली की जप्त करायची, हेच काम. त्यामुळे एक फळी कापायची तरी तीनदा मोजणार, कागदावर लिहिणार, चहा पिणार, पुन्हा मोजणार. खांब उभे राहायला दहा दिवस लागले. मधेच त्यांच्या पोलादी टेपाची स्प्रिंग तुटली. आता टेप आणायला आणखी दोन दिवस जातील या धास्तीने मी माझा लांब कापडी टेप त्यांच्या हातात कोंबला.

मग त्यांनी सहाच्या सहा वासे एकदम कापले. वर चढवले, तर प्रत्येक वासा जुन्या तुळईच्या दोन इंच अलीकडेच संपला. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. आमचे आखूडही झाले.

यांनी कागद काढला. तुळई ते खांब शहाण्णव इंच, असं त्यांच्याच अक्षरात होतं. पुन्हा मोजलं तर अठ्ठ्याण्णव भरलं.

"मी शहाण्णव कसं लिहिलं?" ते म्हणाले. "तीनदा मोजलं होतं मी."

मला हसू आलं असतं, पण सकाळपासून फोमवर धूळ बसत होती आणि माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, "थोरल्या भाऊजींचंही आकड्यांपासूनच सुरू झालं होतं."

यांचे थोरले भाऊ आता स्वतःच्या बायकोला 'आपण कोण?' विचारतात. मी बोलून गेले आणि जीभ चावली, पण सुटलेला शब्द परत येतो थोडाच. यांनी करवत खाली ठेवली, हात धुतले आणि म्हणाले, "सुताराला बोलव."

पाच दिवस ते कारखान्याकडे फिरकले नाहीत. मला हवा होता तो सुतार मिळणार होता, तरी चैन पडेना. सहाव्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून पुटपुटणं ऐकू आलं. "एकोणीस चोक शहात्तर, एकोणीस पाचे पंच्याण्णव..." मग गप्प. मग पुन्हा पहिल्यापासून. माणूस स्वतःची परीक्षा घेत होता. मला माझ्याच तोंडाचा राग आला.

मन रमवायला मी गादी कापायला घेतली. वीस इंच हवी होती. टेप लावला आणि माझा अंगठा सवयीने बावीसवर गेला.

टेपाचं टोक विरलं म्हणून पहिले दोन इंच मीच केव्हातरी कापले होते आणि त्यावर नवा पितळी पत्रा बसवला होता. तेव्हापासून मी मनातच दोन मिळवते. खांबांचं अंतर त्यांच्या टेपाने मोजलं, वासे माझ्या टेपाने कापले; ते अठ्ठ्याण्णवही माझ्याच टेपावरचं. दुनियेची मापं तपासणाऱ्या माणसाला घरच्या मापाचा संशय आला नाही.

उद्या सुतार येऊन गेला असता तर कुणालाही कळलं नसतं. हेही मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण आतून पुन्हा "एकोणीस एके" ऐकू आलं आणि मी टेप घेऊन घरात गेले.

"अहो, याची सुरुवात बघा."

त्यांनी टेप चष्म्याजवळ धरला. पत्र्याला लागून थेट तीनचा आकडा होता. "एक आणि दोन कुठे गेले?"

"मी कापले. फार वर्षं झाली. सांगायचं राहिलं."

त्यांनी नखाने पत्रा खरवडून पाहिला. "म्हणजे शहाण्णवच होतं?"

"शहाण्णवच."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. आणि मग जे कडाडले! "अगं, माप खात्यातल्या माणसाच्या घरात खोटं माप! दुकानदार असतीस तर खटला भरला असता तुझ्यावर!" संसारात एवढं कधी ओरडले नव्हते. मी मान खाली घालून ऐकत राहिले. मला फार बरं वाटत होतं.

"भाऊजींचं बोलले ते चुकलं माझं," मी म्हटलं.

ते हातोडी शोधून दाराकडे निघाले. "तुळईला दोन इंच जाडीची फळी ठोकली की टेकतील वासे. सुतार नको."

"अहो," मी मागून विचारलं, "एकोणीस सक?"

"एकशे चौदा," मागे न बघता ते म्हणाले. "आणि तो टेप इकडे दे. जप्त."