इसिकेलीची हाक

कांदावू बेटावरच्या तराइविनीचा धाकटा भाऊ इसिकेली बुडाला, तेव्हा ती राजधानीत, सुवाला, विद्यापीठात शिकत होती. भर समुद्रात इंजिन बंद पडलं आणि लाटेनं होडी उलटली. लाइफ जॅकेट कुणाच्याच अंगात नव्हतं. चुलतभाऊ विलिकेसा तेवढा पोहत किनाऱ्याला लागला.

कितीतरी दिवस तिनं पुस्तक उघडलं नाही. मग गावातल्या बायकांना हाताशी धरून स्वस्तातली जॅकेटं शिवायला घेतली. उद्योग काढावा असं काही मनात नव्हतं. रिकामं बसवत नव्हतं, इतकंच. पण कापड आणि फोम फुकट येत नव्हता, आणि विद्यापीठात अशा कामांना पैसा मिळायचा तो परीक्षकांसमोर आपलं काम मांडायच्या स्पर्धेतून.

"तुला हे का करावंसं वाटलं, तिथून सुरू कर," स्पर्धेची तयारी करून घेणारे प्रसाद सर म्हणाले. "भावाचं आधी. जॅकेटाचं नंतर."

तिनं भावाचं सांगितलं. पहिल्या फेरीत परीक्षक आपसात कुजबुजत होते. दुसऱ्या फेरीत तिच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं, की बुडताना तो मला हाका मारत होता. सभागृह चिडीचूप झालं. त्यानंतर तिनं ते वाक्य सोडलं नाही.

शेवटच्या फेरीला बाप, अपिसाई, बोटीनं आला. पोरीच्या मैत्रिणींसाठी अळकुड्यांची टोपली घेऊन आला आणि इस्त्रीचा सुलू नेसून मागच्या रांगेत बसला. तिचा पहिला नंबर आला; मोठ्या बक्षिसासाठी आता पुढं ऑकलंडच्या स्पर्धेत जायचं होतं. फोटो आटोपून ती बाहेर आली, तर तो पायरीवर बसलेला.

"विलिकेसाला मी खोदून खोदून विचारलं होतं," तो म्हणाला. "पोरगं काहीच बोललं नाही म्हणाला. तुला कुणी सांगितलं, हाका मारल्या म्हणून?"

"कुणी नाही, बाबा. मीच घातलं ते. त्याशिवाय कुणी ऐकत नव्हतं."

अपिसाईनं मान हलवली. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आत बसलो होतो तेवढा वेळ बरं वाटलं गं," तो म्हणाला. "म्हटलं, शेवटी कुणाची तरी आठवण काढली त्यानं."

ऑकलंडच्या स्पर्धेत तिनं ते वाक्य गाळलं. "आज काय झालं तुला?" सरांनी विचारलं. पैसे आले नाहीत. होता तो फोम संपला आणि बायकांनी एकेक करून यायचं सोडलं.

पदवी घेऊन ती सुवातच एका बँकेत लागली. रविवारी बापाचा फोन येतो. पाऊस, अळकुड्या, कोण कुणाच्या होडीतून गेलं, असलं बोलतो. "जॅकेटं घातली होती का?" असं तिनं सुरुवातीला एकदा विचारलं होतं.

"कोण घालतंय. उकडतं म्हणतात."

आता ती विचारत नाही. तोही इसिकेलीचं नाव काढत नाही.