राजकुमारचं आवतण

मोताळ्याच्या बाजारात कारभारी इंगळे दोर आणायला गेले आणि बैल घेऊन आले, ही गोष्ट गावात अजून चवीनं सांगतात. बाजार उठल्यावर एक गोऱ्हा लिंबाखाली बसलेला राहिला होता. मागचा पाय मोडलेला. ज्याचा होता तो त्याला तिथंच टाकून निघून गेला होता. कारभारींनी एका टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून त्याला घरी आणलं, आणि दोर मात्र विसरले.

"लंगडा बैल काऊन आनला हो?" विमलबाईंनी, म्हणजे त्यांच्या घरधनिणीनं, दारातच विचारलं. "औत ओढन का गाडी ओढन?"

"राहू दे चार दिवस," कारभारी म्हणाले.

त्या चार दिवसांची बारा-तेरा वर्षं झाली. हाड जुळलं, पण लंगडणं काही गेलं नाही. काम ना धाम, सावलीत बसून सरकीची ढेप खायची, म्हणून गल्लीनं त्याचं नाव राजकुमार ठेवलं. ते चिकटलं.

आता हे ऐकून कारभारींना कोणी मऊ समजू नये. माणूस एक नंबरचा हेकट. पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडं खांदशेकणी असते. जू ओढून घट्टे पडलेले बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, तूप-हळद चोळायची आणि हात जोडून म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' घरच्या जोडीला कारभारी हे सगळं रीतसर करत. राजकुमारला नाही. "ज्यानं जू नाई ओढलं, त्याचा खांदा कायले शेकाचा?" दुसऱ्या दिवशी पुरणपोळी त्यालाही मिळे, पण बिनआवतणाची, दारी आलेल्याला वाढावी तशी. विमलबाईंना ते दरवर्षी लागायचं.

मग चार वर्षांमागं कारभारींना लकवा मारला. जीव वाचला, पण डावा पाय ओढायला लागला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पण कारभारी कुठले चालतात! ज्या गल्लीतून छाती काढून गेलो तिथून पाय घासत जायचं आणि लोकांनी बघायचं? ते खाटेवर बसून राहिले आणि अख्ख्या घरावर खेकसत सुटले. शेवटी एका सकाळी विमलबाईंनी राजकुमारचं दावं त्यांच्या हातात दिलं. "याले नाल्यावर पानी पाजून आना. मले टाइम नाई."

बैलाला पाणी पाजायला निघालेल्या माणसाकडं कोण बघतं? दोघांचे मिळून चारच पाय धड. राजकुमार सावकाश चाले, आणि त्याच्या खांद्यावर हात टेकून कारभारी त्याच्याहून सावकाश. कोणी हटकलंच तर म्हणत, "काय करता राजेहो, या लंगड्यापायी हळू चालाव लागते." वर्षभरात पाय असा सुधारला की कारभारी पुन्हा वखर धरू लागले. श्रेय मिळालं शेगावच्या अंगाऱ्याला आणि मालिशच्या तेलाला. राजकुमारचं नाव कोणी काढलं नाही. विमलबाईंना सगळं कळत होतं, पण नवऱ्याची झाकली मूठ त्यांनी कधी उघडली नाही.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी राजकुमार बसला तो उठलाच नाही. दुपारी जनावरांचे डॉक्टर बघून गेले. म्हातारपण आहे, म्हणाले, उद्याचा पोळा काही त्याला दिसत नाही.

सांज झाली. कारभारींनी जोडीचे खांदे शेकले, आवतण दिलं. वाटीत तूप-हळद उरली होती. ती वाटी घेऊन ते राजकुमारपाशी गेले आणि नुसतेच उभे राहिले. शेजारचे भगवानराव आणि गल्लीतली दोघं-चौघं बघायला आली होती. भगवानराव हळहळून म्हणाले, "नशीबवान जनावर, भाऊ. एक दिवस जुवाले खांदा नाई लावला, आन् फुकटात राजावानी खाल्लं."

कारभारींनी नुसती 'हाव' म्हणून मान हलवली असती तरी विषय मिटला असता. पण मग बैल फुकटखाऊ म्हणूनच गेला असता, आणि ते त्यांना सोसेना. चुलीपाशी बसून विमलबाई त्यांच्याकडंच बघत होत्या.

"फुकट नाई खाल्लं त्यानं," ते म्हणाले. "भगवानराव, मी याले पानी पाजाले नेत नव्हतो. हाच मले चालाले नेत होता. एकट्याले मले लाज वाटे, म्हनून तुमाले याचं नाव सांगो. मीच लंगडा होतो. यानं जू नाई वाह्यलं, मले वाह्यलं."

भगवानरावांनी टोपी काढून हातात घेतली.

कारभारी खाली बसले. जू न लागलेला तो खांदा गोऱ्ह्याच्या खांद्यासारखा मऊ होता. त्यांनी तो गरम पाण्यानं शेकला, तूप-हळद चोळली, रोज हात टेकायचे तिथं जरा जास्तच. मग हात जोडले.

"आज आवतन घ्या," म्हणाले, "उद्या..."

पोळ्याआधी पुरण घालणं रीतीत बसत नाही. पण डॉक्टरची पाठ फिरल्याबरोबर विमलबाईंनी डाळ शिजत लावली होती. तव्यावरची गरम पोळी घेऊन त्या नवऱ्याशेजारी येऊन बसल्या. "आज आवतन घ्या, आजच जेवाले या," त्या राजकुमारला म्हणाल्या. "आपला पोळा आजच."

त्याला मान उचलवेना. कारभारींनी तुपात भिजवलेला घास ओठाशी नेला, तो त्यानं जिभेनं आत घेतला. मग अजून एक. पुढचा तोंडातच राहिला.

कारभारींनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. लोक ऐकतायत याची त्यांना आता फिकीर नव्हती. "लय चालवलं राजा तुनं मले," ते म्हणाले. "आता जाय खुशाल. मले येते चालता."