चिमणीचं पाऊल

बहात्तरच्या दुष्काळात अख्खं कासुर्डी खडी फोडत होतं, आन् बन्सी ट्रकवाला मजेत होता. एवढी माणसं एका जागी, उन्हानं कावल्याली. टिंगलीला ह्याच्यापेक्षा झकास जागा कुठली? गेल्याच आठवड्यात "विहिरीला पाणी लागलं, आईशप्पत!" म्हणून त्यानं बायांना हंडे घेऊन मैलभर पळवलं होतं.

त्याचं लाडकं गिऱ्हाईक म्हंजी म्हाळू पाथरवट. सत्तरीचा. घण उचलला की छातीचा भाता व्हायचा. त्याला एकच पायजे होतं: नव्या पुलाचे दगड घडवायचं काम. सावलीत बसून, छिन्नीनं. मुकादम साहेबराव म्हणायचा, "पुलाला कारागीर लागतो, आबा. पुरावा काय?"

"महाबळेसरचं गोऱ्या सायबाचं हॉटेल!" म्हातारा फुलायचा. "खाली काळा दगड, वर तांबडा जांभा. तीन मजले, भवतीनं व्हरांडा. दोनदा पावसानं भिंत पाडली, तिसऱ्यांदा आमी उभी केली. आन् नाचायच्या हॉलातला जिना! बेचाळीस पायऱ्या, एक टोक भिंतीत, दुसरं अधांतरी. खाली खांब न्हाई! ज्याचा दगड त्याची खूण. माझी चिमणीचं पाऊल. सातव्या पायरीच्या पोटाला हाय."

साहेबराव बन्सीला म्हणाला, "तू दौंडास्नं सिमेंट घेऊन तिकडंच जातोस ना? बघून ये. खूण असली तर आबा पुलावर."

बन्सी गेला. सिमेंट उतरवलं आन् मागच्या दारानं त्या हॉटेलाच्या हॉलात शिरला. जिना खरंच अधांतरी. सातव्या पायरीखाली वाकला. तीन रेघा, एक शेपूट. काल काढल्यावानी. बन्सीनं बोट फिरवलं, आन् तिथंच त्याला हसू फुटलं.

परत आला तर म्हाळू पटका झटकून बांधून, कमरेला छिन्नी खोवून तयार.

"बघितला जिना," बन्सी म्हणाला. "लाकडाचा हाय."

मग असला हशा उठला! "आबा, चिमणी उडाली की वो!" गिताबाईनं पाटी खाली टाकली आन् पोट धरलं.

"लाकडाचा?" म्हाळू म्हणाला. "न्हाई रं... बेचाळीस..." आन् बोटं मोजायला लागला.

चार दिवस मजा घ्यायची, मग सांगायचं, असा बन्सीचा बेत. चार दिवसांत म्हातारा बोलायचाच बंद झाला. पाचव्या दिवशी बन्सी सगळ्यांदेखत म्हणाला, "मुकादम, गंमत केली. जिना दगडाचाच हाय. खूण ह्या बोटानं चाचपली."

हशा पहिल्यापेक्षा मोठा. साहेबरावानं त्याला टाळी दिली. "लेका, अजून भागलं न्हाई व्हय तुझं?"

"आईशप्पत!"

"विहिरीला बी आईशप्पतच होती!" गिताबाई ओरडली.

बन्सी म्हाळूपाशी उकिडवा बसला. "आबा, तुमी तरी माना. सातव्या पायरीला..."

"लाकडाचाच आसल," म्हातारा म्हणाला. "मलाच कवातरी सपान पडलं आसल."

पुढ्यात एक धोंडा होता. म्हाळूनं कमरेची छिन्नी काढली, त्यावर तीन रेघा मारल्या, एक शेपूट. सुरेख. मग घण उचलला आन् त्याच धोंड्याची खडी केली.

साहेबरावानं येता-येता एक तुकडा पायानं उलटा केला.

"बारीक करा, आबा. एवढी मोठी मापात बसत न्हाई."